हवा मारायची नाय

ब्रेकच्या ड्रमवर हवा मारली ती मीच. कोणी सांगितलं नव्हतं. बापाची जुनी जीप घेऊन रोह्याहून पेणला आलो होतो. रामवाडीच्या गॅरेजात चाक उघडलेलं, ड्रममध्ये काळी पूड साचलेली आणि कंप्रेसरची नळी हाताशी. म्हटलं, तेवढीच मदत. पूड उडाली, थोडी माझ्या शर्टावर बसली आणि उरलेली थेट स्टुलावर बसलेल्या काळुरामच्या तोंडावर.

काळुराम खोकू लागला तो थांबेचना. त्याची बायको हौसा हातोडा टाकून आली, नळी माझ्या हातातून ओढून घेतली. "शिकलेला दिसतोस. कुठवर शिकलास?"

"बीकॉम."

"मग बरोबर हाय. त्यात श्वास घ्यायचं शिकवत नसतील. शर्ट झटकू नको, आधी ओला कर."

काळुरामने सव्वीस वर्षं ब्रेकच्या शूवरचे झिजलेले लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे पट्टे, काढून नवे ठोकले. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असायचं. घासून त्याची पूड होते, आणि हवा मारली की न दिसणारे तंतू छातीत जाऊन बसतात ते कायमचे. लगेच काही होत नाही, हीच त्याची लबाडी. वीस-तीस वर्षांनी जिना चढताना कळतं. मुंबईच्या डॉक्टरने काळुरामच्या छातीचा फोटो बघून पहिलं विचारलं ते, "काम काय करता?"

हौसा तेव्हा रस्त्यापलीकडच्या गिरजाबाईंच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायची. तिथे मूर्ती कोरडी घासली की खोली पांढरी होते, म्हणून ओलं फडकं हाताशी. नवऱ्याच्या जागी ती गॅरेजात आली तेव्हा हीच सवय घेऊन आली. ड्रम आधी भिजवायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, फडकं ओलं असतानाच पिशवीत बांधून टाकायचं. पाच मिनिटांच्या कामाला पंधरा.

त्या दिवशी ब्रेक करून घ्यायला मूर्ती न्यायच्या टेम्पोंची रांग लागलेली. माझा पराक्रम बघून मालक निलेशला हुरूप आला.

"हौसावहिनी, आजचा दिवस हवा मारू दे. एका दिवसाने काय होतंय?"

"यांचा पण रोज एकच दिवस होता. सव्वीस वर्षं."

"आता लायनरात नसतं ते. डब्यावर लिहिलंय."

"डबा नवा हाय. ही जीप तुझ्या लग्नाआधीची. ड्रमला विचारलंस आत काय हाय?"

"काळूदादा बिडी ओढायचा."

"ओढायचे. बिडीचं ते भोगतील. तुझ्या ड्रमचं त्यांनी का भोगायचं?"

निलेश म्हणाला, "हवा मारायची नसेल तर उद्यापासून येऊ नको." काळुरामचं औषध याच कामावर चालायचं. निलेशला ते माहीत होतं, म्हणूनच तो ते बोलला.

"उद्या कशाला?" हौसाने नवऱ्याचा हातोडा आणि रिव्हेटांचा डबा उचलला. काळुराम उठला. "चल गो. इथं तसं पण वारं येत नाय."

दोघं रस्ता ओलांडून कारखान्याच्या भिंतीलगत ताडपत्रीखाली गेली. माझी जीप मात्र तीन चाकांवर निलेशच्या दारात. हौसा पलीकडून म्हणाली, "बीकॉम, ड्रम आणि शू उचलून आण." आणला. सगळे ड्रायव्हर बघत होते. बापाने बघितलं असतं तर कॉलेजची फी परत मागितली असती.

पाणी नव्हतं. गिरजाबाई कारखान्यातून दोन बादल्या घेऊन आल्या. मूर्तींच्या घाईत त्यांच्याकडेही पाणी मोजकंच. "दोन बादल्या या पोराच्या नावावर," त्या म्हणाल्या, "बोअरवरून भरून द्यायच्या." मी मान डोलावली.

काम चाललं असताना मोरू नावाचा टेम्पोवाला येऊन उकिडवा बसला. "हौसाताय, माझे ब्रेक पण ओलेच कर. टेम्पो पोरी धुतात माझ्या."

संध्याकाळपर्यंत चार टेम्पो रस्ता ओलांडून आले. बाकीचे निलेशकडेच थांबले, आणि तिकडून हवेचा आवाज येत राहिला. आवाज आला की हौसा नवऱ्याला हातभर मागे सरकवायची आणि पुन्हा ठोकायला लागायची. माझं चाक बसवायला ती स्वतः पलीकडे आली. निलेशने न बघितल्यासारखं बघितलं.

जीप आता जागच्या जागी थांबते. गिरजाबाईंच्या दोन बादल्या मात्र अजून भरायच्या आहेत.