पोस्टरवरची लाट

पोस्टरवर घरापेक्षा उंच लाट होती, म्हणून तर आम्ही गेलो.

बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डीत बाजारतळाच्या पलीकडे तंबूचा सिनेमा आला होता. मी नवी नवरी. माहेर राहात्याजवळचं, अंगणापुढून पाट वाहणारं. आणि इथं दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडत होते. नवरा बैल घेऊन जनावरांच्या छावणीत. घरात मी आणि सासू. सासूला मी आत्याबाई म्हणायचे. बैल दावणीला परत येईपर्यंत माहेरचं नाव काढायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता. मी नाव काढत नव्हते. नुसते उसासे टाकत होते, तेही त्यांना ऐकू जातील असे.

तंबूत शिरलो तेव्हा सरकारी माहितीपट चालू होता. तो कधी कोण बघतं? बायका-पुरुषांच्या मधे बांधलेल्या रस्सीच्या अलीकडे बायका जागेसाठी भांडत होत्या, पुरुष तंबाखू मळत होते. मग खरा सिनेमा लागला, परदेशी, हिंदी बोलणारा. सगळं जग जळून गेलेलं आणि उरलेली चार माणसं पाणी शोधत वाळवंटातून चाललेली. चालतच राहिली.

"एवढं चालली, पायाला भेग न्हाई," मागून एकजण म्हणाला.

"पेयाला पानी न्हाई म्हनं, आन दाढी रोज करतोय."

"ह्यांना खायाला कामावरची सुकडी कोन देतं?"

मग आत्याबाई सगळ्या तंबूला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आगं, पानी शोधाया निघालीस, पर हंडा कुठं हाय? घावलं तर आननार कशात?"

तिथं सिनेमाचा निकाल लागला. पुढं नायिका रडली तरी लोक हंड्यालाच हसत होते. मी मात्र लाटेची वाट बघत होते. लाट आलीच नाही. वाळूतच सिनेमा संपला.

लोक उठेनात. "लाट दाखव," म्हणून मशीनवाल्याला घेरलं. तो घाम पुसत म्हणाला, "लाटेचं रीळ नगरलाच राह्यलं, मालक." खरं-खोटं त्यालाच ठाऊक. मग त्यालाच सुचलं. "पयला तो सरकारी पिक्चर हुता ना, त्यात धरन हाय. लावू का?"

आणि ज्याच्याकडे मघाशी कुणी पाहिलं नव्हतं, तो माहितीपट पुन्हा लागला. दरवाजे उघडले, पांढरं पाणी उसळलं आणि कालव्यातून शेताकडे निघालं. तंबाखू मळायचं थांबलं. पाणी संपलं तसं कुणीतरी हळूच म्हणालं, "फिरून लाव." त्यानं लावलं.

घरी येताना आत्याबाईंनी विचारलं, "धरनाच्या पिक्चरात तो बाबा सारखा बडबडत हुता, पान्याचा आवाज काय आला न्हाई. तुमच्याकडं पाट कसा वाजतो?"

मला एवढंच निमित्त हवं होतं. भर रस्त्यात पदर खोचून उभी राहिले आणि पाणी येतानाचा सगळा खेळ तोंडानं करून दाखवला. आधी कोरड्या पाटातल्या पाचोळ्याची सळसळ, मग मोरीखालचं डबडब, मग आमच्या दारापुढची दगडावरची खळखळ. एक कुत्रं उठून निघून गेलं.

"आजून एकडाव कर," त्या म्हणाल्या.

सळसळ झाली, डबडब झाली. खळखळ मात्र जमेना. पुन्हा प्रयत्न केला, आवाज नीट येईना. आमच्या दारापुढं पाणी नक्की कसं वाजायचं, तेच आठवेना.

आत्याबाई पुढं चालू लागल्या. दाराची कडी काढताना पाठमोऱ्याच म्हणाल्या, "सकाळच्या येस्टीनं म्हायेराला जा. आवाज इसराया लागलीस तू."

"आन बैलं?"

"बैलं काय तुझ्या उसाशानं लवकर येत्यात व्हय?"

गेले. पाटाला पाणी सुटलं त्या दिवशी दगडापाशी जाऊन बसले. जन्मभर तो आवाज कानावर पडत होता, पण नीट ऐकला तो त्या दिवशी; परत जाऊन पाथर्डीच्या रस्त्यावर करून दाखवायचा होता.