नाव झाकलेली काचपट्टी

ताई नक्की काय करते, हे आमच्या घरात कुणालाच कधी धड सांगता आलं नाही. आधी ती रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करायची, म्हणजे दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची. तेवढं मला कळायचं. मी घड्याळं दुरुस्त करतो, माझाही एक डोळा भिंगालाच असतो. पुढे तिच्या औषधाने रोग्यांना गुण येऊ लागला, नाव झालं, ती संस्थेची संचालक झाली आणि नुसत्या बैठका घेऊ लागली. बढती दिली की माणसाचं आवडतं काम का काढून घेतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

एक नियम मात्र तिने संस्थेत सगळ्यांच्या गळी उतरवला होता. रक्ताची काचपट्टी तपासताना रोग्याच्या नावावर कागद चिकटवायचा. "नाव दिसलं की डोळा लबाडी करतो," ती म्हणायची.

यंदा मलाच ताप येऊ लागला. हटेचना. अंगावर निळे डाग. गल्लीतले डॉक्टर ताकास तूर लागू देईनात. बायको वैतागली, "काखेत कळसा अन् गावाला वळसा! ताई कशाला आहेत मग?"

ताईने माझं रक्त स्वतः घेतलंच नाही. तिच्या जुन्या सहकाऱ्याला म्हणाली, "याची काचपट्टी आजच्या बाकीच्यांत मिसळ. नावं झाक. मी बघते." मी चिडलोच. सख्खा भाऊ समोर बसलाय आणि ही बाई कागद चिकटवत बसलीय!

कित्येक वर्षांनी ती सूक्ष्मदर्शकापाशी बसली. एकेक काचपट्टी सरकवत बोलत होती, "ठीक... हीपण ठीक... याला नुसता जंतुसंसर्ग." मग एकीवर थांबली. "कर्करोग. सगळ्या कच्च्या पेशी, शंकाच नको. आजच दाखल करून घे." नजर अजून शाबूत असल्याची खुशी तिच्या आवाजात होती. मलाही, देवाशपथ, अभिमान वाटला.

सहकाऱ्याने कागद सोलला. काचपट्टी तिच्यापुढे धरली.

ताईने नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं. उठली, पुन्हा बसली, चष्मा शोधू लागली. तो नाकावरच होता. "तू बघ रे," ती त्याला म्हणाली. "मला सवय राहिली नाही. माझं चुकलं असेल."

मी घाबरायचं की तिला धीर द्यायचा, मला काही उमजेना.

त्याने बघितलं आणि मान खाली घातली.

"परत बघ," ताई म्हणाली.