ओंजळभर जास्त

माझा हात लवकर उठतो. लाज वाटते, म्हणून आधीच सांगून मोकळा होतो. शाळेत एकाचा दात पाडला, लग्नाच्या मांडवात सख्ख्या मेव्हण्याची कॉलर धरली, आणि दोन वर्षांपूर्वी थोरल्या भावाला आमच्याच खळ्यावर लोळवला. कारण शेत. औंढ्यातला आमचा भाताचा तुकडा त्याला बंगलेवाल्यांना द्यायचा होता. लोकांनी सोडवलं तेव्हा त्याच्या नाकातून रक्त येत होतं आणि माझ्या तोंडात माती. मी थुंकलो आणि म्हणालो, "एक वर्ष दे. तांदूळ ऑनलाइन विकून दाखवतो. न्हाई जमलं तर सही करतो."

"दिलं," तो म्हणाला. "मग रडायचं न्हाई."

ऑनलाइन विकण्यातलं मला ढेकळं कळत नव्हतं. पहिला फोटो पिवळ्या बल्बखाली काढला, तांदूळ हळद लावल्यासारखा पिवळा दिसला, कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग सकाळच्या उन्हात परातीत पसरून काढला. 'एक नंबर तांदूळ' खोडून 'इंद्रायणी, यंदाचा, मऊ शिजतो' असं लिहिलं, तेव्हा कुठे मागण्या यायला लागल्या. मुंबईच्या एका बाईंनी भात चिकट होतो म्हणून एकच तारा दिला. अहो बाई, इंद्रायणी चिकटच असतो! मी उत्तरात चार शिव्या टाइप केल्या होत्या. बायकोनं फोन हिसकावून घेतला म्हणून दुकान वाचलं.

खरा घोर होता वजनाचा. पाच किलोची पेटी पुठ्ठ्यासकट साडेपाचच्या आत बसायला हवी. वर गेली की खोटं वजन लिहिलं म्हणून ॲपवाल्यांचा ठपका, आणि तीन ठपके झाले की ॲपवरचं दुकान कायमचं बंद. दुकान बंद म्हणजे शेत गेलं. मी स्वतः काट्यावर पाच किलो मोजून पिशवी आईच्या पुढ्यात ठेवायचो. ती तोंड बांधून पेटीत घालायची. पेटी चारशे ग्रॅमची. सरळ हिशोब. कुरिअर कंपनी अधूनमधूनच एखादी पेटी तोलायची, तरी महिनाभरात दोन ठपके आले.

मग माझा संशय कंपनीकडून माल उचलायला येणाऱ्या माणसावर गेला. कार्ल्याचा होता, माझ्याच वयाचा, मोटरसायकलला दोन्हीकडे पिशव्या लटकवलेल्या. त्या सकाळी त्यानं हूकचा काटा काढला, पेटी टांगली आणि मान हलवली.

"भाऊ, पाच किलो सहाशे येतंय. आज न्हाई नेत. परत बांधा, मी दुपारी येतो."

"तुझा काटाच खोटा."

"काटा बरोबरे, भाऊ. तुमच्या बऱ्यासाठीच सांगतोय."

माझ्या बऱ्यासाठी! मला वाटलं, हा चहापाणी मागतोय. मला वाटलं, थोरल्यानंच याला फितवलाय. काय काय वाटलं त्याला सुमार नाही. पहिला ठोसा जबड्यावर बसला. तो मागे सरला, "भाऊ, भाऊ" करत राहिला, आणि त्या भाऊ-भाऊनं मी आणखी पेटलो. त्यानं एकदाही हात उगारला नाही. मी छातीवर लाथ घातली. तो ओट्याच्या पायरीवर मनगटावर पडला आणि काडकन आवाज झाला. तरी मी त्याला आणखी दोन लगावल्या. तेवढं मला चांगलं आठवतं.

आई धावत बाहेर आली. "कशापाई मारतोस रं त्याला?"

"पाच किलोचे सहा दाखवतोय, चोर!"

आई झटापटीत फुटलेल्या पेटीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "त्यात माजी ओंजळ हाय."

"कसली ओंजळ?"

"पिशवी बांधायच्या आधी एक ओंजळ वर घालते मी. समद्या पिशव्यांत. आपल्या घरातनं कोरडं माप कदी गेलंय का? तुजा बाप घालायचा, आजा घालायचा. घेनारा दिसत न्हाई म्हून काय त्याला उपाशी ठेवायचा?"

मी काही बोलायच्या आत तिनं खराटा उलटा धरला आणि माझ्या पाठीत घातला. एक, दोन, पाच. मी हललो नाही. तो माणूस पायरीवर मनगट पोटाशी धरून बसला होता, आणि तोच म्हणाला, "मावशी, राहू द्या."

त्याला लोणावळ्याला दवाखान्यात मीच नेला. कंपनीला त्यानं सांगितलं, गाडीवरून पडलो. मारामारी झाली म्हटलं असतं तर माझं दुकान त्याच दिवशी बंद झालं असतं. त्यानं तसं म्हटलं नाही. पण प्लास्टर घालून मोटरसायकल चालवता येत नाही, आणि घरी बसलेल्या माणसाला कंपनी ठेवत नाही. पंधरवड्यात त्याच्या जागी दुसरा आला.

आईची ओंजळ मी बंद केली नाही. आता पेटीवर वजन सहा किलो लिहितो आणि कुरिअरला सहाचा दर भरतो. वर्ष संपायच्या आत सगळा तांदूळ गेला. थोरल्यानं जमिनीचा विषय पुन्हा काढला नाही. शेत राहिलं.

परवा कार्ल्याला गेलो होतो. रस्त्याच्या कडेला कणसं भाजणारा दिसला. जवळ गेलो तर तोच. डाव्या हातानं वारा घालत होता, उजवा मनगटात पुरता वळत नव्हता. मला ओळखलं. "बसा भाऊ," म्हणाला, आणि कणसाला लिंबू-मीठ चोळून दिलं. अगदी नेहमीच्या गिऱ्हाइकासारखं. मला रडू फुटायला आलं होतं. त्याचे पाय धरावेत असं वाटत होतं. माफी मागायला शब्द जुळवत मी पैसे द्यायला खिशातून झटकन हात वर काढला.

त्यानं कोपर तोंडावर आडवं घेतलं आणि डोळे मिटले.