भिवा तांबे आणि न मरणारे ढेकूण

भिवा तांबे डीडीटीची पावडर चोरतो, असा अर्ज मीच लिहिला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना मला साळसूदपणाचा आव आणता येणार नाही.

साल १९५८. मी लालबागच्या एका गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा, होतो आणि गिरणीच्याच चाळीत राहायचो. अक्षर बरं, म्हणून चाळ कमिटीचं सगळं लिहिणं माझ्याकडे. भिवा गिरणीच्या सॅनिटरी खात्यात फवारणीवाला. त्याच्या जोडीला जयवंत. पावडर पाण्यात कालवून जयवंत बादलीतला पंप मारायचा आणि भिवा नळी धरून भिंती, खाटांचे सांधे, फळ्यांच्या फटी भिजवत जायचा.

दहा वर्षांपूर्वी डीडीटी पहिल्यांदा आली तेव्हा आमच्या आईनं, गंगुबाईनं, सकाळी सुपलीभर मेलेले ढेकूण झाडून काढले आणि गॅलरीभर फिरून सगळ्यांना दाखवले. माणसं कित्येक वर्षांनी घरात झोपली. भिवाचं तेव्हा काय कौतुक! त्याला चहा मिळायचा. कप मात्र वेगळा, गॅलरीतल्या कोनाड्यात पालथा ठेवलेला. छप्पन साली भिवा नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला आणि त्यानं त्या कपातला चहा घेणं बंद केलं. कुणाला काही बोलला नाही. नुसता, ‘नको,’ म्हणायचा. चाळीला ते लागलं.

त्यानंतर वर्षभरात ढेकूण परत आले. फवारणी झाली की भिंतीवर पांढरा थर दिसायचा आणि त्याच थरावरून ढेकूण चालत जायचे.

“ही पावडर न्हय, खडूचो चुरो आसा,” आई म्हणाली. “खरी पावडर खय जाता, ता त्या भिवाक विचारा.”

विचारलं कुणीच नाही. सगळ्यांनी आपापल्या मनात उत्तर ठरवून टाकलं. भिवाची थैली मोठी दिसते, भिवा पूर्वीसारखा बोलत नाही, भिवाच्या डिलाईल रोडच्या चाळीत म्हणे ढेकूण नाहीत. हे शेवटचं कुणी बघून आलं होतं, असं नाही. मी अर्ज लिहिला, बावीस जणांनी सह्या केल्या आणि तो सॅनिटरी इन्स्पेक्टरकडे गेला.

इन्स्पेक्टरनं भिवाला बोलावलं. “दिवाळीपर्यंत मुदत देतो. पावडर कुठं जाते ते शोध. नाहीतर तुझी नळी दुसऱ्याच्या हातात जाईल.”

चोरी आपण करत नाही, हे भिवाला ठाऊक होतं. पण पावडर लागू पडत नाही, हेही त्याला रोज डोळ्यांनी दिसत होतं. मग राहिला कोण? डबा उघडणारा, पावडर कालवणारा जयवंत. आठ वर्षांचा जोडीदार. भिवा त्याच्या हाताकडे बघायला लागला. जयवंत खाकी पिशवी खांद्यावरून खाली ठेवत नसे. जेवताना मांडीवर घ्यायचा. “काय आहे रे त्यात?” विचारलं तर, “भाकरी,” म्हणायचा. आणि भाकरी तर समोरच्या फडक्यात असायची.

जुलैतल्या एका रविवारी दुपारी भिवा त्याच्या मागोमाग निघाला. जयवंत परळच्या कामगार केंद्रात शिरला. भिवाही शिरला. आत व्याख्यान सुरू होणार होतं, माणसं बाकांवर बसत होती. जयवंत पिशवी खिडकीखाली ठेवून कुणाशी तरी बोलायला पुढं गेला. भिवानं वाकून पिशवीत हात घातला. हाताला कागद लागले. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेची हस्तपत्रकं, चिक्कार. गिरणीच्या मॅनेजरला अशी माणसं डोळ्यांसमोर नको होती, म्हणून जयवंत ती लपवत होता.

वर बघितलं तर जयवंत समोर उभा.

“बाहेरच्यांनी माझी झडती घेतली असती तर समजलो असतो, भिवा,” एवढंच तो बोलला. पिशवी उचलून निघून गेला.

जयवंताच्या मागं जायला भिवाला तोंड राहिलं नाही. तो तिथंच बसला आणि म्हणूनच त्यानं ते व्याख्यान ऐकलं.

बोलणाऱ्या कमलबाई नायगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवायच्या. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, याच महिन्यात, लंडनमध्ये दोन माणसांचे लेख एकदम वाचले गेले होते, त्याबद्दल त्या सांगत होत्या. एक डार्विन, घरचा सुखवस्तू. जगभर फिरून आलेला, घरी कबुतरं पाळून त्यांच्या पिढ्या न्याहाळणारा. दुसरा वॉलेस. त्याला कॉलेज कधी मिळालंच नाही. पूर्वेच्या बेटांवर किडे-पाखरं पकडून विकायची आणि त्यावर पोट भरायचं. तापानं अंथरुणाला खिळलेला असताना त्याला तोच विचार सुचला, जो डार्विन वीस वर्षं मनात धरून बसला होता.

“एकाच आईची पिल्लं एकसारखी नसतात,” बाई सांगत होत्या. “जगू शकतील त्यापेक्षा जास्त जन्माला येतात. बहुतेक मरतात. जी उरतात, त्यांच्यात तगून राहण्यासारखं काहीतरी जन्मजातच असतं, आणि ते त्यांच्या पिल्लांत उतरतं. असं पिढ्यान्पिढ्या चाललं की जातच बदलते. जात म्हणजे कायमची ठरवून दिलेली वस्तू नाही, असं हे दोघे म्हणाले.”

“कुठली जात, बाई?” भिवा मागून बोलला.

“प्राण्यांची. कुठलीही. समजा, ढेकणाची.” आणि मग त्याच्या प्रश्नात आणखी काही असावं, हे लक्षात येऊन त्यांनी मान वर करून मागं बघितलं. भिवा मात्र ढेकणापाशीच अडकला होता.

व्याख्यान संपल्यावर त्यानं त्यांना गाठलं. सगळी हकिगत सांगितली. बाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. त्यांनाही वाटलं, हा माणूस माझ्याकडून निर्दोष असल्याचा दाखला न्यायला आलाय.

“पावडर खरी आहे असं मी लिहून देणार नाही,” त्या म्हणाल्या. “मला माहीत नाही.”

“लिहून नको, बाई. पावडर खरी असूनही ढेकूण मरत नाहीत, असं होतं का, तेवढं सांगा. त्यांना सवय झाली का औषधाची? दारूची होते तशी?”

“फ्रान्समध्ये दीडशे वर्षांपूर्वी लामार्क म्हणून एक मोठा माणूस होता, त्यालाही काहीसं असंच वाटायचं. जिराफ मान ताणत राहिला, म्हणून पिल्लांची मान लांब झाली. पण ते तसं नसावं. पहिल्या फवारणीत हजार ढेकूण मेले आणि पाच उरले, असं धर. ते पाच काही शिकले नव्हते. त्यांच्या अंगात आधीपासूनच काही वेगळं होतं. पुढची सगळी प्रजा त्या पाचांची.”

“म्हणजे मीच निवडून काढले ते? नळीनं?”

“हो. पण हे नुसतं बोलून पटायचं नाही. जिथं ही पावडर कधीच पोचली नाही, तिथले ढेकूण आण.”

भिवाचं सासर मंडणगडाकडे, डोंगरातल्या एका वाडीत. तिकडे फवारणी कधी झाली नव्हती. त्यानं सासूला पत्र पाठवलं. पावसाळ्यात बोटी बंद. गणपतीनंतर सुरू झाल्या तेव्हा सुंदराबाई हर्णैहून बोटीनं निघून भाऊच्या धक्क्यावर उतरली. कमरेला दोन्ही तोंडं फडक्यानं घट्ट बांधलेली बांबूची नळी होती आणि चेहऱ्यावर राग.

“जावयानं ढेकूण मागवले,” लेकीला, कौसल्येला, ती सगळ्यात आधी म्हणाली. “करणी-बिरणी तर करत नाही ना हा कुणावर? बौद्ध झालात, मग असले धंदे कशाला?”

कौसल्याही आतून घाबरली होतीच. रोज संध्याकाळी ती नवऱ्याचे खिसे चाचपून बघायची, पावडर सापडते का म्हणून.

कमलबाईंच्या शाळेत कंदिलाच्या चार काचा मांडल्या. दोन काचांखाली आमच्या चाळीचं औषध पाजून वाळवलेला कागद, दोन काचांखाली नुसत्या पाण्याचा. गावचे ढेकूण दोन्हींवर, चाळीचे ढेकूण दोन्हींवर. वर मलमल बांधली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत औषधावरचे गावचे ढेकूण उताणे पडले होते. औषधावरचे चाळीचे ढेकूण काचेवर चढायला बघत होते. पाण्याच्या कागदावरचे सगळे जिवंत.

भिवा धावत इन्स्पेक्टरकडे गेला. इन्स्पेक्टर हसला. “गावचे तू मारूनच आणले असशील. आणि कागद कुणी भिजवला? तूच.”

हे ऐकून दुसरा कुणी खचला असता. भिवा म्हणाला, “मग साहेब, तुम्ही भिजवा. डबा तुमच्या कपाटातला, सील न फोडलेला. बांबूच्या नळीत अजून गावचे ढेकूण आहेत. मी हातच लावत नाही.”

आणि तसंच झालं. इन्स्पेक्टरच्या खोलीत, कमिटीच्या देखत. ढेकूण मोजून काचेत सोडायचं काम माझ्याकडे आलं, कारण भिवावर माझा विश्वास नाही हे सगळ्यांना माहीत होतं. भिवा दाराबाहेर स्टुलावर बसून राहिला. खोलीला इन्स्पेक्टरनं कुलूप लावलं, किल्ली आपल्या खिशात ठेवली. मी तरीही दुपारच्या सुट्टीत दोनदा जाऊन कुलूप ओढून बघितलं. का ते आता सांगता येत नाही. बहुतेक, भिवा चोर निघावा अशीच माझी इच्छा होती. बावीस सह्या घेतल्या होत्या ना!

दुसऱ्या दिवशी कुलूप उघडलं. गावचे तीस ढेकूण औषधावर सोडले होते, सगळे मेलेले. चाळीच्या तीसमधले सव्वीस हिंडत होते. सील न फोडलेल्या डब्यातल्या औषधावर.

आई माझ्याबरोबर आली होती. तिनं काचेजवळ डोळा नेला. “हे आमचेच?” तिनं विचारलं.

“तुमचेच, गंगुबाई,” भिवा दारातून म्हणाला. “दहा वर्षं आपण मारतोय. दीड-दोन महिन्यांत ढेकणाची एक पिढी होते. हिशेबानं साठेक पिढ्या झाल्या. दर खेपेला जे उरले, त्यांचीच पोरं.”

“पण त्यांका कळला कसा, ह्या सोसूचा कसा ता?”

“काहीच कळलं नाही त्यांना. जन्मतःच काहींना ते सोसत होतं. बाकीचे मेले, म्हणून हे दिसतात.”

मी अर्ज मागे घेतला. माफीचं पत्रही लिहिलं आणि डिलाईल रोडला त्याच्या घरी घेऊन गेलो. सुंदराबाई अजून तिथंच होती. तिनं मला दारातच थांबवलं. “आणखी कुठला कागद आणलाय?” भिवानं आत बोलावलं. पत्र वाचून घडी करून ठेवलं. कौसल्येनं चहा दिला. घरात होते तसल्याच कपात. माझा कप कोणत्या रांगेतून आला, हे बघायची सवय माझ्या डोळ्यांना होती. मी बघितलंच, आणि भिवानं मला बघताना बघितलं.

“सीतारामभाऊ, एक सांगू?” तो म्हणाला. “तुम्ही माझ्यावर संशय घेतलात, त्याचं मला आता काही नाही. मी जयवंतावर घेतला, ते जात नाही. तुम्ही तर मला ओळखतच नव्हतात. मी त्याला आठ वर्षं ओळखत होतो.”

तो जयवंतकडे गेलाही होता. जयवंतनं ऐकून घेतलं, “ठीक आहे,” म्हटलं आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या जोडीत बदली मागून घेतली.

एकोणसाठच्या सुरुवातीला गिरणीनं दुसरं औषध आणलं, वासाला उग्र. ढेकूण पटापट मेले. आईनं पुन्हा सुपली फिरवली. भिवा मात्र प्रत्येक फवारणीनंतर खोल्याखोल्यांतून जिवंत राहिलेले शोधून काचेखाली ठेवायचा आणि संख्या एका वहीत लिहायचा. पहिल्या खेपेला आमच्या मजल्यावर दोन सापडले. वर्षभरानं एकोणीस. तो आकडा घेऊन तो इन्स्पेक्टरकडे गेला. म्हणाला, एकच औषध मारत बसू नका, आलटून पालटून मारा, खाटांना उकळतं पाणी घाला, फटी बुजवा.

इन्स्पेक्टरनं वही उलटसुलट करून पाहिली. “हे तुला कोण शिकवतं? समितीची माणसं?”

“वॉलेस म्हणून एक होता, साहेब. तोही किडेच धरायचा.”

“कुठल्या खात्यात?”

भिवानं वही परत घेतली. फटी बुजवायचं काम मग चाळ कमिटीनंच काढलं. पोटीनचे गोळे घेऊन आम्ही खोलीखोलीतून फिरलो. पुढं भिवा आणि मागं मी. आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तो नेहमीसारखा थांबला; तिथली फवारणीही तो बाहेरूनच नळी आत धरून करायचा. आई चुलीपाशी होती. तिनं त्याच्याकडे बघितलं, पाट बाजूला सरकवला आणि म्हणाली, “ये आत. फळीच्या मागे बघ, थय जास्त आसत.”