फ्यूजचाचांचा आठवा रिले

२८ ऑक्टोबर. दुसऱ्या दिवशी आमच्या कापसाच्या जिनिंगचा, नव्या हंगामाचा मुहूर्त होता, म्हणून रुईच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसच्या पॅनलमधलं रिले कार्ड साफ करायला काढलं. वीतभर लांबीचं कार्ड, त्यावर काडेपेटीहून लहान आठ रिले. कंट्रोलरचा हुकूम आला की रिलेने आतली पत्री चिकटवून वीज पुढे सोडायची, हुकूम संपला की पत्री सोडायची. एवढंच त्याचं काम. ब्रशने रुईची धूळ झाडली, स्क्रू आवळले, एकेक रिले चालवून पाहिला. सात ठीक. आठवा सोडताना जरा रेंगाळतो असं वाटलं. पुन्हा चालवला, तर ठीक वाटला. उशीर झाला होता. रजिस्टरमध्ये 'आठही ठीक' लिहून सही केली आणि घरी आले. भाकरी थापताना फ्यूजचाचा आठवले, आणि मग तव्यावरची भाकरी करपली.

चाचा आमच्या जिनिंगचे इलेक्ट्रिशियन. लोकांच्या खिशात पेन असतं, चाचांच्या खिशात फ्यूज असे. प्रेसमध्ये रुई अडकली आणि कोणाला पेटीत हात घालायचा असला, की चाचा आधी पॅनलमधला फ्यूज उपटत, शर्टाच्या खिशात टाकत आणि खिशाचं बटण लावत. काम संपल्यावर त्या माणसाने त्यांच्यासमोर येऊन दोन्ही हात दाखवायचे. मगच बटण उघडे.

हमाल थट्टा करत, "चाचा, खिशात का बायकोची चिठ्ठी हाय?"

"तुह्या बायकोचं कुंकू हाय, लेका," चाचा म्हणत.

आयटीआय करून मी तिथे लागले तेव्हा पॅनलला हात लावणारी बाई त्या जिनिंगमध्ये कोणी पाहिली नव्हती. हमाल मला बघायला यायचे. चाचांनी पहिल्या दिवशी फक्त एक लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर हातात दिला. टोक रिलेच्या डब्बीवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. रिले धरताना 'टक' येतो, सोडताना 'टुक'. जिनिंगच्या यंत्रांच्या घरघरीतही मुठीतून तो नेमका ऐकू येतो.

"पण चाचा, प्रत्येक रिलेला बत्ती आहे ना?" मी विचारलं.

"बत्ती खोटी बोलते, पोरी. हुकूम आला का गेला, तेवढंच बत्ती सांगते. पत्रीनं आयकलं का नाही, ते तिले काय माहीत?"

त्या वर्षांत कापसाचं सगळंच फिसकटलं होतं. भाव पडले, गाड्या कमी झाल्या, आजूबाजूच्या जिनिंगा एकेक करून बंद पडत गेल्या. आमच्या शेठना नवं कार्ड मागवणं जिवावर यायचं. मग चाचा बंद पडलेल्या जिनिंगच्या भंगारातून रिले काढून आणत, आमच्या कार्डावर डाग देऊन बसवत आणि ज्या गावचा रिले त्या गावाच्या नावाने त्याला हाक मारत. तिसरा राळेगाव, पाचवा वणी. आठवा मारेगाव, तो प्रेसमध्ये रुई दाबणाऱ्या दट्ट्याचा. सकाळी कानाला मूठ लावून म्हणत, "राळेगाव आज सुस्त बोलून राह्यलं." त्या गावची जिनिंग दोन वर्षांपूर्वी बंद झाली होती, पण चाचांच्या बोलण्यात ती अजून कामावर येत होती.

एका दुपारी बऱ्याच दिवसांनी कापसाच्या गाड्यांची रांग लागली. चाचा चहाला गेले होते. पेटीच्या तोंडाशी रुई अडकली, मोटारीवर ताण येऊन तिचा ओव्हरलोड स्विच पडला, प्रेस थांबला. प्रेसजवळ झाडणारी गंगाबाई म्हणाली, "काढू का वं बाई?" मी आठव्या रिलेची बत्ती पाहिली. विझलेली होती. म्हटलं, "काढ." तिने खांद्यापर्यंत हात आत घातला.

चाचा आले ते थेट पॅनलपाशी. "टुक आला का?"

"बत्ती विझली ना, चाचा."

चाचांनी फ्यूज उपटला आणि ते ओरडले, "गंगे, हात काढ!"

गंगाबाई दचकून बाजूला झाली. चाचांनी कार्ड काढलं, आठव्या रिलेची डब्बी फोडून माझ्यासमोर धरली. आतल्या दोन्ही पत्र्या वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. हुकूम केव्हाच संपला होता, बत्ती विझली होती, आणि मारेगावने मात्र वीज धरूनच ठेवली होती. पडलेला ओव्हरलोड परत चालू करायचं बटण कोणी दाबलं असतं, तर दट्ट्या थेट गंगाबाईच्या हातावर आला असता.

"माय वं," एवढंच गंगाबाई म्हणाली आणि कितीतरी वेळ स्वतःचा उजवा हात डाव्या हातात धरून बसली.

चाचा नवा रिले बसवल्याशिवाय फ्यूज द्यायला तयार नव्हते. संध्याकाळपर्यंत प्रेस बंद राहिला. कंटाळून दोन गाड्या दुसऱ्या जिनिंगकडे वळल्या. शेठ तणतणत आले. "बाईला फ्यूज न काढता आत जायला कोणी सांगितलं?"

मी तोंड उघडायच्या आत चाचा म्हणाले, "फ्यूज काढाचं काम माह्यं. मी चहाले गेलतो. चूक माही."

मी तिथेच उभी होते. बोलले नाही. घर माझ्या पगारावर चालायचं, हे खरं. ते कारण पुरेसं नव्हतं, हेही खरं. पुढच्या हंगामात शेठनी चाचांना बोलावलं नाही. जाताना त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "आता तू आयक. माह्यं आयकून झालं."

काही वर्षांनी पांढरकवड्याला हायवेवर ते भेटले. ट्रकच्या वायरिंगची कामं करत होते. मनाची तयारी करून मी म्हणाले, "चाचा, त्या दिवशी चूक माझी होती."

"काय म्हणतं?" त्यांनी कानामागे हात धरला. जिनिंगच्या यंत्रांच्या घरघरीने त्यांचे दोन्ही कान गेले होते. बाजूने ट्रक जात होते. मी मोठ्याने पुन्हा म्हणायला हवं होतं. तेवढ्या मोठ्याने मला ते म्हणवेना.

"चहा घेता का?" मी ओरडले.

"हो, घेऊ ना!" चाचा म्हणाले. चहा पिताना त्यांनी आठही गावांची नावं घेऊन विचारपूस केली. मी मानेनेच ठीक म्हणाले. दोन वर्षांनी ते गेल्याचं गंगाबाईकडून कळलं.

२९ ऑक्टोबरला, मुहूर्ताच्या दिवशी, सकाळी सातला मी जिनिंगवर पोचले. पूजा मांडलेली होती, हार आले होते. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून आठवा रिले दहा वेळा चालवला. सहाव्या वेळी टुक उशिरा आला, नवव्या वेळी आलाच नाही. फ्यूज काढला, पर्समध्ये टाकला, चेन लावली. रजिस्टरमधली आदल्या दिवशीची ओळ खोडली.

धाकटे शेठ धावत आले. "अहो मॅडम, कालच तर ठीक म्हणून सही केली तुम्ही! कोणी घोळ केला हा?"

भटजी, हमाल, हाराच्या ताटाशी उभ्या बाया, सगळे बघत होते.

"मी केला," मी म्हणाले. "चूक माझी आहे." मग सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुन्हा एकदा म्हणाले.

नारळ मुहूर्तावर फुटला. प्रेस मात्र नवा रिले बसवल्यावर, पावणेबाराला चालू झाला.