दिवा दिसू नये म्हणून

माझ्या नणंदेला, शिऊ-लुआनताईला, तोंगकांगच्या मासळीबाजारात सगळे वचकून असतात. शिळा मासा तिच्या गळ्यात मारायची कोणाची हिंमत नाही. नवऱ्याशी फारकत झाल्यावर ती माहेरी परतली, आणि सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांची आंघोळ, भरवणं, कूस बदलणं सगळं तीच करते. आम्ही दोघं तायपेईत टायरचं दुकान सांभाळतो आणि फोनवरून तिचं कौतुक करतो. कौतुकाला काय लागतं?

पण चांद्र वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी ताई या घरात चालत नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीने त्या रात्री माहेरचा दिवा पाहू नये, माहेरचं जेवू नये, भावाची बरकत जाते. नवरा सुटला तरी हे काही सुटत नाही. तिने यायचं ते नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी, हातात भेटीचा डबा घेऊन, पाहुणीसारखं. मीही माझ्या आईकडे त्याच दिवशी जाते. पण मला आदल्या रात्री बसायला सासरचं टेबल तरी असतं.

यंदा आम्ही दुपारी पोचलो तेव्हा ताई पिशवी भरून तयारच होती. मला पेजेचं पातेलं दाखवत म्हणाली, "मासा बोटांनी चूर, काटा राहता कामा नये. डाव्या बाजूने भरव. आणि घाई करू नकोस, रुसतात ते."

"तू कुठे जाणार, ताई?"

"काओशुंगला, मैत्रिणीकडे. तिने खेकडे आणलेत. तुमच्यापेक्षा झकास जेवेन मी."

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. "उजेड आहे तोवर नीघ," एवढंच म्हणाल्या, आणि तिच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून दिली.

संध्याकाळी सगळे टेबलाभोवती बसलो. सासरे तोंड उघडेनात. नवऱ्याने भरवून पाहिलं, मी पाहिलं. ते आपले दाराकडे बघत राहिले. पेज गार झाली, पुन्हा गरम केली. पोटात काही गेल्याशिवाय गोळ्या देता येत नव्हत्या. सासूबाईंनी स्वतःच्या वाटीला हातसुद्धा लावला नव्हता.

शेवटी नवरा चिडला. "ताईला परत बोलावतो. मरू दे ती बरकत."

"आज अभद्र बोलू नकोस." सासूबाईंनी गोळ्यांची पुडी उचलून पाहिली. मग म्हणाल्या, "फोन लाव. आवाज घरात आला म्हणजे माणूस आलं असं होत नाही."

फोन वाटीशेजारी ठेवला.

"बाबा, मी बोलतेय. आ करा बघू. हं, गिळा आता. सावकाश."

सासऱ्यांनी आ केला. तिला काही दिसत नव्हतं, तरी पुढचा घास नेमक्या वेळी सांगत होती. वाटी संपली. झटक्यानंतर त्यांच्याकडे मोजकेच शब्द उरलेत. ते फोनकडे वाकले आणि वाकड्या ओठांनी, इथे कोणीही कोणाला विचारतं तेच विचारलं, "जेवलीस?"

तेवढ्यात खाली कोपऱ्यावरच्या दुकानासमोर कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. ती खिडकीतून ऐकू आली, आणि फोनमधूनही.

माळ संपली. मग ताई म्हणाली, "जेवले, बाबा. पोटभर. खेकडे होते."

फोन बंद झाला. मला सासूबाईंचा राग आला, ताईचाही आला, आणि तो काढायला कुठे जागा नव्हती. मी एका वाटीत भात घेतला, वर माशाचा तुकडा ठेवला. "मी खाली देऊन येते."

"तिला ते चालत नाही," सासूबाई म्हणाल्या. "ठेव ती वाटी."

नवरा मान खाली घालून बसला होता. बरकत त्याची होती. मी वाटी ठेवली.

सासूबाई उठून खिडकीशी गेल्या. खाली बघत उभ्या राहिल्या, चहा निवेल इतका वेळ. मग लेकीला आमचा दिवा दिसू नये म्हणून त्यांनी पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून घेतला.