सायकलीचा मागचा दांडा

नवऱ्याशी तोंडावर मी अहोजाहोच बोलायची. माघारी कोण बोलतो बाप्पा! तेव्हा इथं मी त्याला 'तो'च म्हणणार आहे. रागवायला आता तो उरलेला नाही.

आमचं गाव धानोऱ्याच्या अलीकडे, जंगलाला लागून. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मुलूख चांद्याचाच. गावापासून दोन कोसांवर एका ठेकेदाराचा लाकडाचा डेपो होता. माझा नवरा तिथं हातोड्यावर होता. म्हणजे काय, तर तोडून आणलेल्या प्रत्येक सागाच्या ओंडक्याच्या तोंडावर खुणेचा हातोडा हाणायचा. खूण उमटल्याशिवाय एक लाकूड गाडीवर चढत नसे. त्यामुळे मजूर त्याला मान देत आणि तोही मान वर करूनच चालायचा. नंतर त्या मानेचं ओझं मला किती वाहावं लागलं, ते पुढं सांगते.

एका उन्हाळ्यात चळतीवरचा ओंडका घरंगळला. खाली याचा गुडघा आणि शेजारी टेकवलेली याची सायकल, दोन्ही सापडले. सायकलीचा तर चुराच झाला. गुडघा वैदूनं बांबूच्या कामट्या बांधून बसवला, पण तो बसला तो सरळच. कामट्या सोडल्या तेव्हा पाय मुसळासारखा ताठ झालेला. खाली बसता येईना, मांडी घालता येईना. पावसाळाभर तो खाटेवर होता आणि मी चिखलात. धानाचा रोवणा मी केला, निंदण मी केलं, पाणी, सरपण, चूल सगळं मीच. संध्याकाळी घरी यावं तर हा आढ्याकडे बघत पडलेला. दया यायची आणि चीडही यायची. दोन्ही एकाच पोटातून येतात, हे मला तेव्हा कळलं.

पोळ्याच्या सुमाराला डेपोचा मुकादम बघायला आला. माणूस वाईट नव्हता, पण बोलणं रोखठोक.

"हातोडा धरायले हात लागते, पाय नाई," तो म्हणाला. "तुह्यासाठी जागा ठेवतो. पन डेपोत आपला आपला आला पाहिजे. बायकोनं धरून आनला तं मजूर हासतीन. मंग तुहं कोन आयकन? दिवाळीनंतर तोड सुरू झाली का पयल्या दिवशी ये. नाई आला तं दुसरा मानूस लावतो."

दुसरा माणूस. हे दोन शब्द ऐकून हा खाटेवर उठून बसला. आमच्याकडे धानाच्या शेताची एवढीशी बांधी. हातोडा गेला तर दोघांनीही दुसऱ्याच्या शेतात राबायचं, आणि त्यातला एक तर वाकूही शकत नव्हता. बैलगाडीनं जावं, तर ऐन कापणीत रोज बैल कोण देणार? आणि दिले असते तरी हा गाडीत बसून गेला नसता. त्याच्या मनात एकच होतं, सायकल.

ताठ पायानं सायकलीवर टांग टाकता येत नाही आणि पायडलही फिरत नाही. मग यानं जगात नसलेली सायकल काढली. मी सकाळी सारवलेल्या ओसरीवर कोळशानं ती पूर्ण काढून ठेवली. मी घागर घेऊन आले आणि बघतच राहिले.

"हे काय करून राह्यले तुमी? आताच तं सारवली होती!"

"पुसू नोको वो," तो म्हणाला. "लोहाराले दाखवाची आहे."

मग भंगार यायला लागलं. आमची चिरडलेली फ्रेम होतीच. एका फॉरेस्ट गार्डाची मोडकी सायकल टोपलीभर चारोळीच्या बदल्यात मिळाली. बाजारात सायकली दुरुस्त करणाऱ्याकडे बायकांच्या सायकलीची एक गंजलेली फ्रेम पडून होती, मधला दांडा खाली वाकलेली. ती त्यानं बाजाराच्या बैलगाडीतून उराशी धरून आणली, कारण तिच्यावर टांग टाकावी लागत नाही. ओसरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. आठवडाभर माझ्या पदराला गंजाचा वास होता.

बेत असा होता. फ्रेम बायकांची. पुढचं चाक धरणारा चिमटा मात्र दोन चिमटे जोडून लांब करायचा, म्हणजे चाक चांगलं पुढं जाईल. सीट मागं आणि एकदम खाली. ताठ पाय समोर एका लोखंडी खुंटीवर पसरून ठेवायचा आणि दुसऱ्या पायानं एकट्यानं पायडल मारायचं. तो पाय पायडलला चामड्याच्या वादीनं बांधायचा, म्हणजे खाली दाबताही येईल आणि वर ओढताही येईल. अर्धं गाव बघायला यायचं. एक म्हातारी म्हणाली, "काऊन रे, नवरीची डोली बनवून राह्यला का?" तो हसला. कित्येक महिन्यांनी हसला, म्हणून मी म्हातारीला गुळाचा खडा दिला.

जोडकाम गावच्या लोहाराचं. कुऱ्हाड, विळा, गाडीच्या चाकाची धाव, त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. सायकलीला मात्र त्यानं जन्मात हात लावला नव्हता. चिमट्याचे सांधे भट्टीत लाल केले, पितळ वितळवून आत सोडलं. इथवर सगळं ठीक. पण आमच्याकडे एक रीत आहे. भट्टीतून निघालेल्या लोखंडाला पाणी दिलं नाही, तर ते अर्धं राहिलं म्हणतात. कुऱ्हाडीचं पातं पाण्यानंच कडक होतं. लोहारानं तो लालबुंद चिमटा उचलला आणि सरळ पाण्याच्या डोणीत बुडवला. फस्सकन् वाफ उठली. बघणारे सगळे खूश!

"माह्या हातचं लोखंड बिनापान्याचं भायेर जात नाई," लोहार म्हणाला.

माझ्या नवऱ्यानंही मान डोलावली. मीसुद्धा म्हटलं, चला, आता पक्कं झालं. आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही की जोडाला पाणी देऊ नये, तो ठिसूळ होतो.

दिवाळी झाली. तोड सुरू व्हायचा दिवस आला. मी चाकाला कुंकू लावलं, नारळ फोडला. तो उजाडताना निघाला. लांबलचक सायकल, तिच्यावर हा मागं रेलून बसलेला, एक पाय समोर ताठ. सपाट रस्त्यावर ती खरंच चालत होती हो! वळणावर दिसेनासा होईपर्यंत त्यानं मागं वळून पाहिलं नाही. 'मागं येऊ नोको' असं मला बजावलं होतं. मी विळा घेतला आणि शेतावर निघाल्यासारखी मागं गेले. काहीतरी होणार, असं माझं मन मला सांगत होतं.

वाटेत एक कोरडा नाला लागतो आणि त्याच्यापुढं लांब चढ. नाल्यात उतरताना चिमटा मोडला. तो वाळूत बसला होता, हातात चिमट्याचा एक तुकडा. सांधा काच तडकावी तसा तडकला होता. तो रडत होता. लग्नानंतर मी त्याला रडताना पहिल्यांदा पाहिलं आणि त्याच्याजवळ बसावंसं वाटलं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"उठा," मी म्हटलं. "रडाचं घरी. डेपो उघडून राह्यला तिकडं."

"तू आली हे कोनी पाह्यलं तं संपलं सगळं."

"चढ संपेपरेंत कोन पायते?"

सायकलीचं तुटकं तोंड मी खांद्यावर घेतलं, त्याचा हात दुसऱ्या खांद्यावर. असे आम्ही तो चढ चढलो. वर एक मोठं मोहाचं झाड आहे. तिथून पुढं रस्ता सपाट आणि डेपो समोर दिसतो. झाडाआड मी थांबले. तो सायकलीचं हँडल धरून, तिलाच कुबडी करून, एकटा पुढं गेला. मजूर गोळा झाले. मुकादमाचा आवाज ऐकू आला, "अरे, मोडक्या सायकलीनं आला पन आपला आपला आला!" मी पदर तोंडात कोंबून उभी. थोड्या वेळानं लाकडावर हातोडा बसल्याचा ठप् असा आवाज आला. तेव्हा मी परत फिरले. दिवसभर धान कापलं.

लोहार आधी मानायलाच तयार नव्हता. मग त्यानं तुकडे निरखले. चिमटा त्यानं पुन्हा जोडला आणि या वेळी पाणी न देता राखेत निजवून ठेवला. तो जोड कधी मोडला नाही. पण चढाचं काय? एका पायानं कोण चढेल तो चढ? म्हणून दुसऱ्या दिवशी मी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. मग ते रोजचंच झालं. कोणी उठायच्या आत घरची कामं उरकायची, नाल्यापर्यंत त्याच्या मागं चालायचं, आणि चढाला त्याला मागून ढकलायचं. मोहापाशी तो म्हणायचा, "जाय आता." बस, एवढंच. हातोड्याचा पहिला ठप् ऐकला की मी शेताकडे. परतीला उतार होता, आणि संध्याकाळी कोण कसा घरी जातो याची कोणाला फिकीर नव्हती.

सीट इतकी खाली होती की ढकलताना मी अर्धी वाकायची. रोवणीत वाकायचं, कापणीत वाकायचं, चुलीपुढं वाकायचं, आणि त्यात पहाटे हेही. एकदा मी भडकलेच.

"गाडी तुमची, मान तुमचा, आन् कंबर माही!"

त्या आठवड्यात सायकल लोहाराकडे गेली आणि परत आली तेव्हा तिला मागं एक नवीनच काहीतरी होतं. फॉरेस्ट गार्डाच्या मोडक्या सायकलीचं हँडल. सीटच्या मागं दोन नळ्या उभ्या करून त्यांच्यावर ते बसवलं होतं. दोन्ही मुठींना माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. मला न विचारता फाडलेली. सकाळी चढापाशी मी हात ठेवला, तर दांडा बरोबर माझ्या छातीच्या उंचीला. कंबर सरळ राहिली. त्यानं माझी उंची कधी मोजली, देव जाणे. मला ओरडावंसं वाटत होतं आणि रडावंसंही. दोन्ही केलं नाही, कारण चढ चढताना श्वास उरत नाही.

डेपोत त्याला सगळे विचारायचे, हा मागचा दांडा कशाला? तो म्हणायचा, "सामान बांधायले."

पोटात पोर असताना मी ढकलत होते. तापात ढकलत होते. पावसाळ्यात डेपो बंद असायचा, तेवढी खांद्याला सुट्टी. त्यानं कधी 'थकली का' म्हणून विचारलं नाही. मी वाट बघायची. खोटं कशाला बोलू, मोहापाशी रोज वाट बघायची, आज म्हणेल म्हणून. तो म्हणायचा, "जाय आता."

तो गेला तेव्हा मुकादम भेटायला आला. पार म्हातारा झालेला, काठी टेकत. घरात पोरं, सुना, नातेवाईक बसले होते. तो पोरांना सांगू लागला, "तुमचा बाप वाघ होता. एका पायानं तो चढ चढून याचा. रोज, एकटा. जन्मात कोनाचा हात घेतला नाई त्यानं." पोरांचे डोळे भरून आले. पोरांनाही ठाऊक नव्हतं. मी पहाटे कुठं जाते, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

जाताना मुकादमाला गोठ्यात ती सायकल दिसली. तो तिच्यापाशी थांबला आणि मागच्या दांड्यावर हात फिरवला. चिंध्या झिजून माझ्या बोटांचे खळगे पडले होते तिथं.

"मले कधी समजलंच नाई बाई," तो म्हणाला. "हा कायले लावला होता त्यानं?"

माझा खांदा ठणकत होता. सगळं अगदी ओठापर्यंत आलं. दारात पोरं उभी होती, बापाचं कौतुक ऐकून अजून नाक पुसत होती.

"सामान बांधायले," मी म्हटलं.